पालथा तीन

पंक्चर दोन निघाले. गफूर म्हणाला,
तास तरी जाईल, तोवर चर्च पाहून या,
चावी तायड्याच्या घरी असते.
पस्तीस वर्षं याच रस्त्यानं मेहकरला जातोय.
पऱ्हाटीच्या वर निघालेलं ते टोक
दर वेळी पाहिलंय,
शेजारच्या गावच्या माणसाला पाहावं तसं:
ओळखतो, बोललो कधी नाही.

शांतवन तायडे. म्हशीखालून उठून आलेला,
हाताला दुधाचा वास.
चावी वीतभर लोखंडी. कुलूप मात्र नवं,
त्याला वेगळी, बोटाएवढी.
मग मोठी कशाला आणली?
"ते दाराची हाय जी. हे कुलपाची."

चपला काढा लागते, म्हणाला.
आत फरशी गार. सागाचे बाक,
पाठींनी घासून घासून झिलई आलेले.
वर घंटेपाशी आग्यामोहोळ,
म्हणून दोन वर्षं घंटा मुकी.
रविवारी मग?
"रुळाचा तुकडा हाय, आंब्याले टांगला."
मला वाटलं होतं, आत काही वेगळाच वास असेल.
वटवाघळाचा होता,
आणि कोपऱ्यातल्या तुरीच्या पोत्यांचा.
"घर गळते. देव काय म्हन्ते?"

भिंतीत एक दगड, इंग्रजी अक्षरं.
त्याला येत नव्हती, मी वाचली:
अ‍ॅग्नेस. वय एक वर्ष, चार महिने.
खाली आईबापाची नावं, तारीख, पटकी.
"हे आमची अगनाबाई.
रातभर रडते त्या लेकराले आनतात बाया,
सगळ्याईच्या. दगडाले गूळ लावतात.
पाळक नवा असला का रागावते. मंग ऐकते."
दगडाच्या खालच्या कडेला मुंग्यांची रांग.
एक वर्ष, चार महिने,
म्हणजे चालायला लागली असेल.

वेदीच्या उजवीकडं गाण्यांच्या क्रमांकांची पाटी,
टिनाचे कापलेले आकडे खिळ्यांना अडकवलेले:
१२
८१
३६
"सहा हरपले," शांतवन म्हणाला, "पोट्ट्याईनं नेले.
मंग तीन पालथा घातला का सहा."
उतरवून दाखवला:
पुढून पिवळा रंग, मागून गंज.
परत लावला.
तिनाकडं पाठ करून तीनच.

मी तिथंच उभा राहिलो बराच वेळ.
आमचा धुरा हातभर.
त्याच्या अंगानं निंब, माझ्या अंगानं बोरी.
अकरा वर्षं झाली, वसंता आणि मी
एकाच विहिरीवर वेगवेगळ्या वेळी जातो.
लग्नात, मयतीत
एकमेकांच्या पाठी ओळखतो.
त्याची वाकली आहे आता.
हे मला कुणी सांगितलेलं नाही.

"अदलाबदल केली तर?" मी विचारलं.
"कायची?"
"सहा इकडं. तीन तिकडं."
तो पाटीकडं पाहत राहिला, ओठ हलवत.
"त्रेसष्ट?
त्याची चाल कोनालेच येत नाही जी.
छत्तीस सगळ्याईले पाठ हाय."

बाहेर ऊन. मोहोळाचा घुमारा
आत ऐकू आला नव्हता, इथं येत होता.
त्यानं बोटाएवढ्या चावीनं कुलूप लावलं,
मग मोठी घेऊन दाराच्या भोकात एकदा फिरवली.
काही लागलं नाही, काही उघडलं नाही.
"बाप फिरवे," म्हणाला.

गफूरनं चाक चढवलं होतं. साठ रुपये.
हातपंपावर हात धुतले,
किक मारल्यावर लक्षात आलं,
गाडीचं तोंड गावाकडं आहे.
त्यानंच वळवली असेल, सावलीसाठी.
मेहकरला अडतदार वाट पाहत असणार.
मी गाडी तशीच ठेवली,
चालू, थोडा वेळ.